दुखण्याचा मान

मतमोजणीच्या दिवशी दुपारी तालुक्याच्या गावाहून, जोयड्याहून, जीप परत आली ती गुलालाशिवाय. गणपती पुढच्या सीटवर बसून होता आणि खाली उतरायला तयार नव्हता. लागोपाठ दोनदा पंचायतीवर निवडून आलेला माणूस. नंदिगड्ड्याच्या अलीकडच्या त्या वाडीत लहानथोर सगळे त्याला मेंबर म्हणत. आणि त्याला पाडलं कुणी? कालपर्यंत त्याच्याच मागं मागं फिरणाऱ्या, बांधाला बांध लागून असलेल्या परशूनं.

जीपमधून एक पाय खाली टेकला, तशी गणपतीनं छाती धरली. "आई गं" म्हणाला आणि ओट्यावरच बसकण मारली. कपाळावर घाम डवरला.

मग काय विचारता! भाऊ धावला, भावजय बाळी पाणी घेऊन आली, आल्या पावली जीप वळवली. मुलगा प्रज्योत गणेशगुडीला राफ्टिंगच्या बोटीवर होता, तो ओल्या कपड्यांनीच वाटेत येऊन मिळाला. आधी दांडेली, तिथून बेळगाव. यमुना नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसली होती. त्या रस्त्याला वळणं किती, ते त्या रस्त्यानं गेलेल्यालाच माहीत. प्रत्येक वळणाला तिच्या मानेपासून कमरेपर्यंत कुणीतरी निखारा फिरवावा तसं होत होतं. त्याबद्दल बोलायचं तिनं कधीच सोडलं होतं.

तिचं दुखणं जुनं. सासू गेली त्या वर्षापासूनचं. सुरुवातीला ती बोलायची, कण्हायची, दवाखान्यातही गेली. पहिल्या डॉक्टरनं एक्स-रे काढला, उजेडाला धरला आणि हाडं चांगली आहेत म्हणून परत दिला. दुसऱ्यानं मान वर न करता कॅल्शियमच्या गोळ्या लिहिल्या. तिसरा तर तिच्याशी बोललाच नाही. तो गणपतीला म्हणाला, "बायकांचं असं असतंच. फार लक्ष देऊ नका." डॉक्टरांनी दिलेल्या सगळ्या सल्ल्यांपैकी गणपतीनं हा एकच तंतोतंत पाळला.

पुढं कधी ती कमरेवर हात ठेवून उठली की तो माणसांदेखत म्हणायचा, "सगळं चेक केलंय. काय न्हाई. नाटकं हायत." माणसं हसायची. यमुना चहाचे कप उचलून आत जायची.

बेळगावच्या हॉस्पिटलात गणपतीची बडदास्त झाली. इसीजी झाला, रक्त झालं, मनगटातून तार घालून काळजाच्या नळ्या तपासून झाल्या. शेवटी तिथला मोठा डॉक्टर हसतमुखानं आला आणि म्हणाला, "हृदय एकदम ठणठणीत आहे. काहीही नाही."

प्रज्योतनं हात जोडले. यमुना नवऱ्याकडं बघत होती. माणूस वाचलाय असं ऐकल्यावर चेहरा उजळायला हवा, याचा पडला. तो हळूच म्हणाला, "नीट बगा की डॉक्टर. इतकं दुखतंय, काय तरी असंलच." आपल्यासारख्या माणसाला एखादा भारदस्त रोग व्हायला काय हरकत होती, असा एकूण त्याचा सूर होता.

घरी आल्यावर पडवीत कॉट टाकली. वाडी लोटली. कुणी शहाळी आणली, कुणी बिस्किटांचे पुडे, कुणी घरच्या केळ्यांची फणी. गणपती उशीला टेकून तारेची गोष्ट सांगायचा. पहिल्या दिवशी ती तार मनगटातून काळजापर्यंत गेली होती. आठवडाभरात ती काळजातून पार होऊन पलीकडं निघाली. आलेली माणसं च्च च्च करायची, परशूला शिव्या द्यायची, आणि वाटेत परशूच्या अंगणात थांबून त्याचाही चहा प्यायची.

यमुना पेज करत होती, मिठाशिवायची, कारण बाळीला कुणीतरी सांगितलं होतं की मीठ वाईट. पेजेचं पातेलं उतरवताना तिची पाठ पेटायची. तिच्या दुखण्याला इतक्या वर्षांत कुणी एक केळं आणलं नव्हतं.

पण एक गोष्ट तिनं पाहिली होती. गणपतीचं दुखणं खोटं नव्हतं. पलीकडून परशूचा आवाज आला, त्याची मोटरसायकल फुरफुरली, की नवऱ्याचा हात आपोआप छातीवर जायचा, ओठ पांढरे पडायचे. असं सोंग करायला जेवढी अक्कल लागते तेवढी त्याच्याकडं नव्हती, हे यमुनाला चांगलं माहीत होतं.

महिना झाला तरी कळ जाईना. तेव्हा प्रज्योतनं कुठूनतरी माहिती काढली. दांडेलीत एक डॉक्टरबाई शुक्रवारी बसते, नेत्रा नावाची. ती फक्त दुखण्यावर औषध करते.

"फक्त दुखण्यावर म्हंजे?" गणपतीनं विचारलं. "बाकीचे काय लग्नं लावतात?"

"ज्यांचं कारण सापडत न्हाई, त्यांना बगते ती," प्रज्योत म्हणाला.

यमुनाला वाटलं, हे नवीन थेर. कारण सापडत नसेल तर कारण सापडत नाही असं सांगायला आणखी एक डॉक्टर कशाला? पण नवऱ्याबरोबर जायला कुणीतरी हवं होतं.

डॉक्टर नेत्रा चाळिशीतली, धारवाडकडची, बोलताना मराठीत कानडी मिसळणारी. तिनं सगळे कागद पाहिले. मग ते बाजूला ठेवले आणि गणपतीला विचारायला लागली. कधी दुखतं, काय करताना दुखतं, झोप लागते का, जेवण जातं का, पहिल्यांदा दुखलं त्या दिवशी काय झालं होतं. निवडणुकीचं आलं तसा गणपती खिडकीबाहेर बघायला लागला.

"मेंबर," ती म्हणाली, "तुमचं दुखणं खरं आहे. आणि तुमचं हृदय चांगलं आहे. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मनाला मोठा धक्का बसला की शरीर तो आपल्यावर घेतं. छातीचे स्नायू आवळतात, श्वास वर वर चालतो, आणि मेंदूला वाटतं काहीतरी भयंकर झालंय. मग भीतीनं आणखी आवळतं."

गणपतीचा चेहरा लाल झाला. "म्हंजे मी नाटक करतोय व्हय?"

यमुना हसली. तिला हसायचं नव्हतं. तोंडावर पदर धरला तरी हसू फुटलंच, आणि चांगलं मोठ्यानं फुटलं.

"मी वेडा न्हाई," गणपती उठला. "घरात रिकाम्या बसलेल्या बायकांना सांगा हे. मला न्हाई." दार आपटून तो बाहेर गेला. प्रज्योत त्याच्यामागं पळाला.

यमुनाही उठली, तेव्हा तिचा हात सवयीनं कमरेवर गेला. डॉक्टरनं तो पाहिला.

"यमुनाक्का, तुम्ही का हसलात?"

"काय न्हाई, बाई. शब्द ओळखीचा निघाला."

"बसा जरा. केव्हापासून दुखतंय?"

यमुनाला आधी राग आला. हिलाही आता वाटणार की बायकांचं असं असतंच. पण डॉक्टर उठून तिच्या मागं आली आणि मानेपासून खाली, मणका मणका करत बोटांनी दाबत गेली. इथं? इथं? हात वर न्या. वाका. घाबरू नका, जमेल तेवढंच वाका. इतक्या वर्षांत तिच्या पाठीला हात लावून बघणारी ही पहिली. यमुनाचे डोळे भरून आले आणि त्याचा तिला भयंकर राग आला.

"पहिल्यांदा दुखायला लागलं तेव्हा घरात काय चाललं होतं?"

तेव्हा सासू अंथरुणाला खिळली होती. काशी तिचं नाव, अंगानं थोराड बाई. पाय गेल्यावर तिला उचलायचं, फिरवायचं, न्हाऊ घालायचं, परसात नेऊन आणायचं, हे सगळं यमुनाच्या पाठीवर पडलं. बाळीचा हात दुखायचा. मुलगे आईच्या खोलीत डोकवायचे, नाकाला रुमाल लावून. पावसाळे गेले तरी ते संपलं नाही. मग सासू गेली. तेराव्याला दोन गावं जेवली, आणि गणपतीनं उभं राहून भाषण केलं की आईची सेवा हीच माझी पूजा होती. यमुना तेव्हा मागच्या दारी भांडी घासत होती. दुसऱ्या दिवसापासून उचलायला कुणी उरलं नव्हतं, आणि पाठ मात्र पेटली ती पेटलीच.

हे सगळं तिनं एकदम सांगितलं असं नाही. आडवं तिडवं, थांबत थांबत सांगितलं. डॉक्टरनं घाई केली नाही.

"तुमची पाठ तेव्हा खरोखर दुखावली होती," डॉक्टर म्हणाली. "ती दुखापत भरून आली. पण दुखणं राहिलं. घरात चोर शिरल्यावर वाजणारा अलार्म असतो ना, तो कधी कधी बिघडतो आणि..."

"आमच्याकडं तसलं काय नसतं," यमुना तुटकपणे म्हणाली. "कुत्रं असतं."

"बरं. कुत्र्याचं सांगा."

यमुनानं जरा विचार केला. "गेल्या साली बिबट्यानं गोठ्यातलं वासरू नेलं. तवापासनं आमचं कुत्रं पान पडलं तरी भुंकतंय."

"खोटं भुंकतं?"

"खोटं कशाला? त्याला वाटतंच की आला म्हणून."

"तसंच. बिबट्या गेला, पण तुमच्या नसांना अजून तो गोठ्यात दिसतो. त्यात तुम्ही कधी कुणाकडं ब्र काढला नाही. मनातलं मनात ठेवलं की कुत्रं आणखी जागं राहतं." ती खुर्चीत बसली. "हे माझ्या मनचं नाही, अभ्यासातून आलेलं आहे. आणि सरळ सांगते, पूर्ण जाईलच असं मी म्हणणार नाही. कमी होईल. झोप येईल. तुम्हाला वाकायची भीती वाटते, ती जाईल."

तिनं एक छोटी गोळी लिहून दिली आणि स्वतःहूनच सांगितलं की हीच गोळी मोठ्या मात्रेत उदासीवरही देतात, इथं ती नसा शांत करायला आहे. उद्या कुणी वेडाची गोळी म्हणालं तर घाबरायचं नाही. भिंतीला पाठ लावून करायचे व्यायाम दाखवले. रोज थोडं चालायचं, दुखलं तरी थांबायचं नाही आणि बरं वाटलं म्हणून धावायचंही नाही. आणि अधूनमधून शुक्रवारी येऊन बोलायचं.

"नुसतं बोलायचं?" यमुनानं विचारलं. "त्याला येवढं दांडेलीला कशाला यायाचं?"

"गावात कुणाशी बोलता?"

यमुनानं गोळीची चिठ्ठी घडी करून पदराच्या टोकाला बांधली.

घरी गणपतीनं तिच्या व्यायामाची मनसोक्त टिंगल केली. भिंतीला पाठ लावून ती हात वर नेत असली की तो कॉटवरून म्हणायचा, "भिंत पडतीय काय, धरून ठेवलीस ती?" आलेल्या माणसांना सांगायचा, "आमची ही येड्यांच्या डॉक्टराकडं जातीय." त्यानं स्वतःसाठी मात्र रामनगरच्या बाजूला दुसरा डॉक्टर शोधला. त्यानं आम्लपित्त म्हणून सांगितलं. गणपती कसा खुलला! रोगाला नाव मिळालं, गुलाबी औषधाची बाटली मिळाली. ती त्यानं पडवीच्या कठड्यावर येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी ठेवली. ती अर्धी झाली त्या दिवशी शाळेच्या पटांगणात परशूचा सत्कार झाला, कर्ण्याचा आवाज वाडीभर घुमला, आणि मेंबरांचं आम्लपित्त थेट डाव्या खांद्यापर्यंत चढलं.

त्याच आठवड्यात महाबळेश्वरकाका आले. नात्यातले वडीलधारे, अणशीकडचे, शब्दाला वजन असलेला माणूस. पडवी भरली. यमुनानं चहा आणला. तिची पाठ दुखत होती, पण तिला आता झोप लागायला लागली होती, आणि झोप झालेल्या माणसाला दिवसा दुखणं थोडं परक्यासारखं बघता येतं, हे तिला नव्यानंच कळलं होतं.

काका म्हणाले, "गणपती, काळजी करू नको. तुझ्यासारख्याला देव सांभाळतो."

गणपतीनं आढ्याकडं बघून हात जोडले. "आईची पुण्याई, काका. तिची सेवा केली हातानं. तीच उभी ऱ्हायली म्हणून वाचलो."

यमुना ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं तो खाली ठेवला.

"आत्या कुठल्या कुशीवर झोपायच्या?" तिनं विचारलं.

गणपतीला कळलं नाही. "काय?"

"आत्या. तुमची आई. शेवटी शेवटी कुठल्या कुशीवर झोपायच्या? सेवा केली न्हवं हातानं? मग सांगा की."

कुणी चहाला तोंड लावलं नाही. गणपती भावाकडं बघायला लागला, भाऊ बाळीकडं.

"डाव्या," यमुना म्हणाली. "उजव्या कुल्ल्याला जखम झाली होती, हाड दिसंस्तोवर. मी धूत होते. फिरवताना त्या माझ्या मानेला मिठी मारायच्या, सगळा भार टाकून. माझ्या पाठीत काय हाय ते एक्स-रेत दिसत न्हाई, पण कशानं आलंय ते मला ठावं हाय. आणि तुमी माणसांदेखत नाटक म्हणता." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमचंही दुखतंय. ते नाटक न्हाई, मी बगतीय रोज. पण मग माझं का नाटक?"

महाबळेश्वरकाकांनी घसा खाकरला. "सूनबाई," ते म्हणाले, आणि हातातला कप खाली ठेवला. बाळी घाईघाईनं कप गोळा करायला लागली, भरलेलेच.

हे बोलून टाकलं आणि यमुनाची पाठ मोकळी झाली, असं मुळीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तर पाठ होती तशीच होती, उलट चार ठिणग्या जास्तच. शुक्रवारी तिनं डॉक्टरला चिडून सांगितलं, "बोलले. काय फरक न्हाई." डॉक्टर हसली. "फरक लगेच पडत नसतो, यमुनाक्का. व्यायाम सोडू नका." यमुना सगळ्या वाटेनं तिच्यावर चडफडत घरी आली, आणि संध्याकाळी तिच्या लक्षात आलं की पाण्याची बादली तिनं न घाबरता वाकून उचलली होती.

गणपती मात्र बरेच दिवस तिच्याशी बोलला नाही. भेटायला येणारी माणसं कमी झाली. एकदा तमाशा बघून झाल्यावर बिस्किटं कोण आणतो? गुलाबी बाटली कठड्यावरून आत गेली. एके सकाळी ती चुलीपुढं असताना तो दारात येऊन उभा राहिला.

"ती तुजी डॉक्टर," तो म्हणाला. "माज्याबद्दल पुढं काय म्हणाली का?"

"तुमी थांबलात कुठं ऐकायला?"

"म्हणाली का, ते सांग."

"चाला म्हणाली. जिकडं जायाचं टाळताय तिकडंच थोडं थोडं चाला. आणि कळ आली तर पळू नका, श्वास सावकाश सोडा."

तो उंबरा ओलांडून आत आला. "तू येशील?"

यमुनाला एकदम वाटलं, म्हणावं, बाळीला न्या. भावाला न्या. भाषणाला टाळ्या वाजवणाऱ्यांना न्या. तिनं तवा उतरवला आणि चप्पल पायात घातली.

पहिले काही दिवस ते आपल्याच पोफळीच्या बागेच्या टोकापर्यंत गेले. मग बांधापर्यंत. गणपती पुढं, ती मागं. शेवटी एका शुक्रवारी ते परशूच्या फाटकापर्यंत पोचले. अंगणात त्याची बायको तारा वाल निवडत होती. तिनं यांना पाहिलं आणि सूप तसंच टाकून आत पळाली. गणपतीनं फाटकाचा खांब धरला. त्याचे ओठ पांढरे झाले.

"यमुने, मला काय तरी व्हतंय. चल परत."

"व्हऊ दे. सोडा श्वास."

"मरंन मी हितं. ह्याच्या दारात."

"मरत न्हाई. नळ्या स्वच्छ हायत तुमच्या, तार घालून बगितलंय. सोडा श्वास."

तो श्वास सोडत राहिला, खांबाला धरून, डोळे मिटून. परशू बाहेर आला तो कमरेला टॉवेल, तोंडाला फेस. गणपतीला पाहून परशूचाही चेहरा उतरला. जिंकलेल्या माणसानं हरलेल्याशी काय बोलायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"अण्णा," तो शेवटी म्हणाला, "या की आत. मी यायचाच होतो तुमच्याकडं. ती पाण्याची पाइपलाइन... तालुक्याला साहेब कायबाय विचारतो, मला उत्तरच देता येत न्हाई. सगळे हसतात मला."

गणपतीनं डोळे उघडले. "कुठला साहेब? तो उंच?"

"त्योच."

"त्याला तोंडी सांगून चालत न्हाई," गणपती म्हणाला आणि फाटकातून आत शिरला. "आधी वरच्या झऱ्याचं पाणी मोजून घ्यायला लागतं. ते कुणी केलं का?"

तारानं कोकमाचं सरबत आणलं. दोघं पायरीवर बसले आणि पाइप कुठून वळवायची यावर भांडायला लागले. गणपती हात उडवून बोलत होता. छातीवर एकदाही हात गेला नाही. इतक्या शहाळ्यांनी आणि गुलाबी औषधानं जे झालं नाही ते एका अडाणी प्रश्नानं झालं होतं, आणि उद्या परत कळ येणार हेही यमुनाला माहीत होतं. माणूस किती थोडक्यानं आजारी पडतो आणि किती थोडक्यानं फुगतो, असं तिच्या मनात आलं. पण आज त्या विचाराला नेहमीची धार नव्हती.

तिनं सरबत संपवलं आणि उठली.

"कुठं निगालीस?" गणपतीनं मान न वळवताच विचारलं.

"दांडेलीला. माजा वार हाय आज. भात चुलीवर हाय, वाढून घ्या."

"मी?"

"हात हायत की," ती म्हणाली.

रस्त्यापर्यंतचा चढ तिनं हळूहळू चढला. पाठीत कळ होती, पण पाय थांबले नाहीत. फणसाखाली बसची वाट बघत दोघी बायका बसल्या होत्या. त्यांनी सरकून तिला जागा केली, आणि एकीनं विचारलं, "यमुनाक्का, ती दांडेलीची बाई गुडघ्याचंही बगते काय?"